हवाईचं ताट

पर्वत पाटिया, सुरत
१२ जानेवारी २०२५

आदरणीय जयंतदादा,

नमस्कार. पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही पत्र तसंच बाजूला ठेवलं नसेल, अशी आशा करते. मी नूतन. मागच्या मे महिन्यात माझं प्रशांतशी लग्न झालं. तुम्हाला पत्रिका पाठवली होती. तुम्ही आला नाहीत, आणि ते मी समजू शकते. ज्या घरातून आपली बहीण गेली, त्या घरात दुसरी बाई येताना बघायला कुणाला आवडेल?

फोनच करणार होते. पण जहाजाच्या भटारखान्यात इतकी वर्षं काढल्यावर तुम्हाला आता फोनवरचं नीट ऐकू येत नाही, असं प्रशांत म्हणाले. मलाही पत्रच बरं वाटलं. मी इथल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. बोलण्यापेक्षा लिहिताना मी कमी घाबरते.

काम तुमच्या भाचीचं आहे. ९ मार्चला मानसी बारा वर्षांची होईल. आमच्यात भांडण मुळीच नाही. भांडण असतं तर बरं, असं कधीकधी वाटतं. ती मला मावशी म्हणते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते, डब्यातली पोळी अर्धी परत आणते. आठ महिन्यांत तिची माझ्याशी बोललेली वाक्यं जोडली तर फळ्यावर मावतील.

तिच्या प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर एकच चित्र असतं. हवाई बेटांवरच्या कुठल्याशा कार्टून सिनेमातली मुलगी, समुद्रकाठी आजीची खाण्याची हातगाडी ढकलणारी. परवा मी सहज विचारलं, "हा सिनेमा तुला फार आवडतो का गं?" तर म्हणाली, "माझा मामा हवाईला गेला होता. तिथल्या समुद्रात पोहला, मोठ्या हॉटेलात जेवला. त्याला सगळं माहितीये." एवढं मोठं ती पहिल्यांदाच बोलली.

म्हणून मनात आलं, की वाढदिवसाला घरी हवाईचं जेवण करावं आणि तो सिनेमा लावावा. इंटरनेटवर बघितलं तर समुद्रातलं काय काय आणि जमिनीत खड्डा करून भाजायचं काय काय. मला साधं, माझ्या दोन शेगड्यांवर होईल असं सांगाल का?

आपली,
नूतन


अमळनेर
२० जानेवारी २०२५

सौ. नूतन पाटील यांस,

पत्र मिळालं. लग्नाला न येण्याचं कारण तुम्ही लिहिलं ते नाही. असो.

हवाईला सगळंच मिळतं. अननस आणा, फोडी करून भातात घाला, वरून काजू टाका. मुलांना आवडतं.

मी हल्ली स्वयंपाक करत नाही. खानावळीचा डबा येतो. मानसीला आशीर्वाद.

जयंत


पर्वत पाटिया, सुरत
२७ जानेवारी २०२५

आदरणीय जयंतदादा,

तुमच्या दोन ओळींचा भात रविवारी केला. वाढदिवसाआधी एकदा करून बघावा म्हणून. मानसीने घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, "हे मामाने सांगितलं? मामाने असं नसतं सांगितलं. हा तर नुसता साखरभात झाला."

प्रशांतना हसू आलं. मलाही आलं. मानसीला आलं नाही. ती खरंच काळजीत पडली होती. "मामा विसरला असेल का हो सगळं?" असं तिने मला विचारलं. मला, दादा! तिने आपणहून मला काही विचारलं.

तुम्ही माझ्यावर नाराज असाल तर तो तुमचा हक्क आहे. मी मनीषाताईंच्या जागी बसायला आलेली नाही. त्यांचा फोटो समोरच्या खोलीत जिथे होता तिथेच आहे, आणि त्यांचा मसाल्याचा डबा मी त्यांनी लावला होता त्याच क्रमाने ठेवते. पण माझ्यावरचा राग तिच्या ताटावर नको. सव्वीस वर्षं तुम्ही समुद्रावर माणसं जेवू घातलीत. माणूस घरापासून लांब असला की घासाला काय मोल येतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक अडचण सांगायची राहिली. आमच्या सोसायटीत मांसमच्छी चालत नाही, अंडंसुद्धा नाही. खालच्या मजल्यावर वास गेला तरी मीटिंग बसते. हवाईचं शाकाहारी असं काही असतं का?

नूतन


अमळनेर
५ फेब्रुवारी २०२५

नूतन,

साखरभात! माझ्या भटारखान्यात कुणी हा शब्द काढला असता तर मी झारा फेकून मारला असता. पोरीचं बरोबर आहे. मी उडवाउडवी केली होती.

तुम्ही, म्हणजे तू (वयाने तू माझ्या मनीषाएवढीच असशील), माझ्यावरच चिडलीस ते चांगलं केलंस. तुझ्यावर माझा काही राग नाही. कागद घे आणि लिहून ठेव.

तिथे रोजचं जेवण म्हणजे एक ताट. दोन मुदी पांढरा भात, वाटीने पाडलेला. शेजारी मॅकरोनीचं सॅलड. आणि भाजलेली कोंबडी. कोंबडीच्या जागी तू पनीर घे. हवाईत पनीर! माझ्याच्याने लिहवत नाही, पण घे. जाड तुकडे कर. सोया सॉस, किसलेला गूळ, आलं-लसूण, अननसाचा रस, थोडा टोमॅटो सॉस हे सगळं कालवून त्यात पनीर तासभर ठेव. तवा चांगला तापव. एकेक तुकडा टाक, उलटव, रस लाव, पुन्हा उलटव. या पदार्थाला हुली-हुली म्हणतात. हुली म्हणजे उलटव. गूळ आहे, तेव्हा जळायला वेळ लागत नाही. तव्यासमोरून हलायचं नाही.

मॅकरोनी आपण शिजवतो त्याहून जास्त मऊ शिजव. किसलेलं गाजर, बिनअंड्याचं मेयोनीज, थेंबभर व्हिनेगर. शेवटी गोड. दोन वाट्या नारळाचं दूध, अर्धी वाटी साखर, चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. घट्ट होईपर्यंत ढवळायचं, थाळीत ओतायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, वड्या पाडायच्या.

हे ताट तिथल्या उसाच्या मळ्यांतून आलं म्हणतात. तुमच्या चलथाणच्या साखर कारखान्याभोवती असतो ना, तसा ऊस तिकडे बेटंच्या बेटं भरून होता. मजूर जपानहून, चीनहून, पोर्तुगालहून, कुठून कुठून आलेले. दुपारी बांधावर बसून प्रत्येकाने आपला डबा उघडला, एकमेकांचं चाखलं, आणि त्यातून असं सरमिसळ ताट झालं. मी समुद्रकिनाऱ्यावर नारळाखाली बसून खाल्लंय.

मानसी तिच्या आईबद्दल बोलते का कधी?

जयंत


पर्वत पाटिया, सुरत
१८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय दादा,

हे सगळं आता सोडून द्यावं म्हणते. तुम्हाला उगाच त्रास दिला.

आईबद्दल बोलते का, असं तुम्ही विचारलं होतंत. नाही बोलत. माझ्यासमोर तर नाहीच.

तुमचं पत्र आल्यावर मी हुरळून गेले. बाजारातून कागदी फुलांच्या माळा आणल्या. तिच्या वर्गातल्या सहा मुलींच्या आयांना फोन केले. प्रशांतनी हजीऱ्याच्या प्लांटमधली पाळी बदलून घेतली. सगळं ठरल्यावर शनिवारी मी मानसीला बातमी दिली. वाटलं होतं, हसेल.

तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं तो सिनेमा लावायला?" मी म्हटलं, "अगं, तुझा आवडता आहे म्हणून..." तर एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरच्या भाभी दार उघडून बाहेर आल्या. "नथी जोवानी मारे! नाही लावायचा तो! कुणासमोरच नाही लावायचा!" मग तिने रिमोटमधले सेल काढून घेतले आणि खोलीचं दार लावून घेतलं. सेल अजून मिळालेले नाहीत. प्रशांत तीन दिवस बातम्यांशिवाय आहेत आणि एका शब्दाने तिला रागावले नाहीत. त्यांनाही कारण कळत नाही.

मी मुलींच्या आयांना पुन्हा फोन करून नाही म्हणून सांगितलं. माळा माळ्यावर टाकल्या. वर्गात पन्नास मुलं मी सहज सांभाळते, दादा, आणि घरात एकीच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. वाढदिवसाला साधी पुरणपोळी करेन. आवडली तर आवडली.

नूतन


अमळनेर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. नूतन,

पोरीने दार का लावून घेतलं ते मला माहीत आहे. बहुतेक मला एकट्यालाच. लिहायला हवं होतं पहिल्याच पत्रात. हिंमत झाली नाही.

तीन वर्षांपूर्वी मनीषा सुरतेत दवाखान्यात होती, तेव्हा माझं जहाज सिंगापूरला उभं होतं. तिने मला फोन केला. तेव्हा माझ्या कानांत थोडं बळ होतं. म्हणाली, दुपारी मानसी शाळेतून येऊन माझ्या खाटेवर बसते आणि आम्ही मोबाईलवर हवाईचा एक कार्टून सिनेमा बघतो. मी दमते म्हणून रोज थोडा थोडा. शेवटचा भाग उरलाय. तो घरी गेल्यावर बघायचा आणि त्या दिवशी त्यातल्यासारखं जेवण करायचं, असं आमचं ठरलंय. आणि मग आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाली, "दादा, तठे लोके काय खातस, माले सांग ना. घर गऊ का पोरले करी देसू." घरी गेले की पोरीला करून देईन, असं.

मी म्हटलं, "आता ड्यूटीवर आहे. नंतर सांगतो."

ड्यूटी नव्हती. मी झोपायच्या बंकवर पडून होतो. त्यानंतर अकरा दिवसांनी ती गेली.

का नाही सांगितलं? कारण मी हवाईला कधी पाऊलच ठेवलेलं नाही. आमचं जहाज होनोलुलूला तीन दिवस धक्क्याला लागलं होतं, पण आम्हा खलाशांकडे व्हिसा नव्हता, आम्हाला उतरू दिलं नाही. तीन दिवस मी कठड्याला टेकून ते गाव लांबून बघितलं. घरी आलो तेव्हा सगळे गोळा झाले, विचारायला लागले, आणि मी सांगत गेलो. पोहलो, हॉटेलात जेवलो, नाचलो. मनीषाचे डोळे असे मोठे झाले की मला थांबताच येईना. मग ती गोष्ट दर सुट्टीत वाढत गेली. दवाखान्यातून तिने विचारलं, तेव्हा तिच्याशी आणखी एक खोटं बोलायला जीभ वळेना आणि खरं सांगायची लाज वाटली. वाटलं, वेळ आहे.

तुला कळवलेलं ताट मात्र खरं आहे. माल उतरवणारा तिथला एक म्हातारा मजूर दुपारी शिडीपाशी सावलीत जेवायला बसायचा. मी वरून बघतोय हे त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने दोन डबे आणले आणि एक वर दिला. भात, मॅकरोनी, कोंबडी, नारळाची वडी. शेवटच्या दिवशी मी खुणांनी विचारलं, कसं करतात? त्याने हात उलटापालटा करून दाखवलं. हुली, हुली. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. नारळाचं झाड वगैरे मी तुलाही थापच मारली.

एवढंच खरं मनीषाला सांगितलं असतं तरी पुरलं असतं. लग्नाला आलो नाही तो यासाठी. मानसी समोर आली असती आणि तिने हवाईचं विचारलं असतं.

हे पत्र तिला वाचायला द्यायचं की नाही ते तू ठरव. तू घरात आहेस, तुला कळेल.

जयंत


पर्वत पाटिया, सुरत
१७ मार्च २०२५

प्रिय दादा,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही काय काय समजला असाल. आता सगळं सांगते.

तुमचं पत्र मी आधी प्रशांतना दाखवलं. ते म्हणाले, "मानसी रोज दवाखान्यात मोबाईल घेऊन बसायची, आणि मी समजायचो गेम खेळते." त्यांनीच सांगितलं, दे तिला. पण वाढदिवसाआधी नको.

वाढदिवस पुरणपोळीवर झाला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी तिला पत्र दिलं आणि म्हटलं, "मामाचं आहे. माझ्या नावावर आहे, पण तुझं आहे." तिने उभ्या उभ्या वाचलं. मग बसून परत वाचलं. मी धुतलेले कपडे घड्या करत होते, त्याच घड्या मोडून पुन्हा घालत राहिले.

"मामा खोटारडा आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

माझ्याकडून हे उत्तर तिला अपेक्षित नसावं. पत्र पुन्हा उघडून म्हणाली, "पण आईने विचारलं होतं. म्हणजे आई विसरली नव्हती." आणि मग ती रडली, दादा. लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. मी तिला जवळ घेतलं नाही. नुसती शेजारी जाऊन बसले. तीच जवळ सरकली.

होळी झाल्यावर रविवारी करायचं, असं तिने ठरवलं. बाहेरचं कुणी नको. माळा नकोत. आणि सिनेमा थांबला होता तिथूनच लावायचा. मी म्हटलं, "अगं, बाबांनी आणि मी पहिला भाग बघितलेला नाही, आम्हाला कसं कळणार?" तर म्हणाली, "मी सांगते ना."

काल दुपारी चारला आम्ही सुरुवात केली. ती गाजर किसायला बसली आणि सिनेमा सांगायला लागली. ती मुलगी कोण, तिची आजी कोण, हातगाडीचं चाक कसं मोडलं, कासव कुठून आलं. कासवाचा आवाजसुद्धा काढून दाखवला. मराठी संपली की गुजराती, गुजराती संपली की हिंदी. मी ऐकत राहिले आणि पहिला घाणा जाळला! तव्यासमोरून हलायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. हलले नव्हतेच, फक्त बघत तिच्याकडे होते. धूर एवढा झाला की भाभींनी येऊन विचारलं, "शुं बळे छे?" मानसी दारात जाऊन म्हणाली, "पनीर बळे छे, मासी. बीजुं कंई नथी." मग तिने माझ्या हातातून उलथनं घेतलं. दुसरा घाणा तिचा. सोनेरी, कडेला जरासा काळा, अगदी हवा तसा.

वड्या काही पडल्या नाहीत. खीर झाली. वाटीने प्यायलो.

सहाला जेवायला बसलो. रिमोटचे सेल तिने स्वतःच आणून घातले. कुठे होते ते सांगायला ती तयार नाही. ताटं मांडीवर घेऊन आम्ही तिघं जमिनीवर बसलो, मनीषाताईंच्या फोटोच्या बरोबर खाली. तिने सिनेमा पुढे पुढे नेला आणि एका जागी थांबवला. "इथे," म्हणाली. एक्केचाळीस मिनिटं उरली होती. तिचं बोट बटणावर बराच वेळ तसंच राहिलं. प्रशांत काही बोलणार होते, मी त्यांना खुणेने थांबवलं. मग तिने बटण दाबलं.

पुढचं मी सांगत नाही. ते तिचं तिला लिहायचं आहे. फक्त एवढंच सांगते, की भात तिने दोनदा घेतला आणि आज डबा रिकामा परत आला. त्यात काल उरलेलं पनीर होतं, तेव्हा माझ्या पोळीचा निकाल उद्या कळेल.

तुमची,
नूतन


सुरत
१८ मार्च २०२५

मामा,

मराठीत चुका असतील. मावशीला मी सांगितलंय की तपासायचं नाही, लाल पेन तर अजिबात नाही.

मला तुझा राग आला होता. सोमवारपासून बुधवारपर्यंत खूप आला, मग कमी झाला. तू मला आधी का नाही सांगितलंस? मला नाचण्याच्या गोष्टीपेक्षा त्या आजोबांची गोष्ट जास्त आवडली. ते तुला ओळखत पण नव्हते. माझ्या वर्गात मी तीच सांगितली. प्रियांका म्हणाली की तिचे पप्पा बिहारहून आले तेव्हा लूमच्या कारखान्यात त्यांना पण कोणीतरी डबा दिला होता.

आता सिनेमाचं. तुला सांगते, पण तू बघितला नसशील तर हे वाचू नको.

मला तीन वर्षं वाटत होतं की शेवटी आजी मरणार. कारण ती खोकत असते आणि गाडी ढकलताना सारखी थांबते. आईला पण तसंच वाटलं असेल. म्हणून ती म्हणाली की उरलेला घरी बघू, असं मला वाटायचं. म्हणून मी कधी बघितला नाही, आणि कुणाला लावू पण नाही दिला.

पण आजी मरत नाही, मामा. ती फक्त दमते आणि खुर्चीत बसते, आणि म्हणते की आजपासून गाडी तू चालव, मी इथून सांगेन मीठ किती ते. मग सगळी माणसं येतात आणि जेवतात. बस्स. संपतो.

मी खूप रडले, पण ते वाईट रडणं नव्हतं. बाबा पण रडले आणि म्हणाले डोळ्यांत धूर गेला. धूर तर कधीच गेला होता.

मे महिन्यात ये. मला सुट्टी आहे, मावशीला पण आहे, बाबा पाळी बदलून घेतील. वड्या का नाही पडल्या ते बघायचंय. मावशी म्हणते कॉर्नफ्लोअर कमी झालं, मला वाटतं तिने ढवळायचं लवकर थांबवलं. तू समोर उभा राहून ठरव कोण बरोबर.

आणि येताना खोटं काही आणू नको. गोष्टी आण.

मानसी